गोंगजूवर लिहिताना

अनेक आशीर्वाद.

दक्षिण कोरियातल्या गोंगजू शहरावरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. 'बेक्जे राज्याची वैभवशाली प्राचीन राजधानी' ही तुझी पहिली ओळ कुठल्याही गावाच्या पाटीवर खपेल, म्हणून काढून टाक. गोंगजूला राजधानीपण आलं ते संकटातून. इ.स. ४७५ मध्ये उत्तरेकडच्या गोगुर्यो राज्याच्या सैन्याने आजच्या सोलच्या परिसरातली बेक्जेची जुनी राजधानी जिंकली, बेक्जेचा राजा गेरो याला ठार केलं. उरलेला दरबार दक्षिणेला गुम नदीच्या आडोशाला आला. गावाचं तेव्हाचं नाव उंगजिन, म्हणजे अस्वलाचा उतार, नदी ओलांडायची जागा. ५३८ मध्ये राजधानी इथूनही हलली. जेमतेम त्रेसष्ट वर्षं! लेख या पळापळीपासून सुरू कर.

मग थेट जुलै १९७१. गोंगजूतल्या जुन्या कबरींत पाणी झिरपू नये म्हणून चर खणताना शेजारच्या एका दडलेल्या कबरीची विटांची भिंत लागली. आत दारापाशीच एक बसकं शिंगवालं दगडी जनावर राखणीला उभं होतं आणि त्याच्यापुढे दोन कोरीव शिलापट. एकावर कोरलेलं: राजा सामा, वय ६२, मृत्यू ५२३. हाच बेक्जेचा राजा मुर्योंग. त्या काळातल्या कोरियन राजाची कबर लेखावरून अशी नक्की ओळखता येणं फार दुर्मिळ. दुसऱ्या पटावर कबरीची जागा भूदेवतांकडून विकत घेतल्याचा करार आहे, म्हणून वर लोखंडी नाणी ठेवलेली. राजालाही सातबारा चुकला नाही, असं मी वर्गात सांगायचो.

या एका वयामुळे जुन्या पोथ्या अडचणीत येतात. कोरियन इतिहासग्रंथ त्याला आधीच्या राजाचा मुलगा म्हणतो, पण ६२ वर्षं धरली तर ते नातं जुळवणं कठीण. उलट तो एका बेटावर जन्मला, म्हणून त्याचं नाव 'शिमा' (जपानीत बेट), असं सांगणारी जपानी बखर जन्मसालाच्या बाबतीत दगडाच्या जवळ जाते. तू दोन्ही मतं एका वाक्यात गुंडाळली आहेस. इथे एक पानभर थांब.

आणि ती रात्र गाळू नकोस. बातमी फुटली, गर्दी लोटली, आणि एका रात्रीत कबर रिकामी केली गेली. उत्खननप्रमुखांनी पुढे त्या घाईची जाहीर खंत व्यक्त केली. त्यांना नावं ठेवायची मला घाई नाही. विद्यार्थी असताना मीही एकदा संध्याकाळ होतेय म्हणून थर न नोंदवता खापरं पिशवीत भरली होती. ती कुठल्या काळातली, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तिकडे गेलीस की मूळ कबर बंद दिसेल, प्रतिकृती मात्र पाहता येते. विटा जवळून बघ. धाटणी चीनच्या लिआंग राजवटीची, आणि एकेका विटेवर अर्धंच कमळ. दोन शेजारी आल्या की फूल पुरं होतं. संग्रहालयात ते जनावरही भेटेल, मागचा एक पाय मोडलेलं.

दुसरा मसुदा पाठव. विशेषणं कमी, सनावळी तपासून.