पाटीवर २४.९९, बिलात २८.२४ : कॅनडातल्या केंद्राच्या आणि प्रांताच्या विक्रीकराचा हिशेब कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला आल्यापासून दुकानातलं कुठलंच बिल पाटीवरच्या किमतीशी जुळत नाही, काही वस्तूंवर कर लागतो, काहींवर नाही, आणि आल्बर्टा प्रांतात, कॅलगरीला राहणाऱ्या मित्राला तीच वस्तू स्वस्त पडते. शिवाय मावशी घरून डबे देतात, त्यांनी कर लावायचा का. मी टोरांटोच्या आसपासच्या छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे हे रोजचंच आहे.

आधी एक भारतीय सवय बाजूला ठेवा. आपल्याकडे एमआरपीत कर धरलेला असतो आणि कराचा दर वस्तूला चिकटलेला असतो. कुकर पुण्यात घ्या नाहीतर पणजीत, दर तोच. कॅनडात पाटीवरची किंमत बहुतेक वेळा कराआधीची असते, आणि दर ठरतो तो प्रांतावरून. वस्तूवरून ठरते ती फक्त सूट.

केंद्राचा जीएसटी देशभर ५ टक्के. १९९१ मध्ये तो ७ टक्क्यांनी सुरू झाला, २००६ मध्ये ६ आणि २००८ मध्ये ५ झाला. प्रांताच्या कराच्या मात्र तीन तऱ्हा आहेत. आल्बर्टात आणि उत्तरेकडच्या तिन्ही टेरिटरीजमध्ये प्रांताचा करच नाही. ब्रिटिश कोलंबिया, मॅनिटोबा (दोन्हीकडे ७) आणि सस्कॅचवान (६) आपला कर वेगळा घेतात, म्हणून तिथल्या बिलात दोन ओळी दिसतात. ओंटारिओ आणि पूर्वेकडच्या चार प्रांतांनी आपला वाटा केंद्राच्या करात मिसळून एकच एचएसटी केलाय. ओंटारिओत ५ अधिक ८ असे १३, नोव्हा स्कोशात १४, न्यू ब्रन्सविकसह उरलेल्या तिघांत १५. नोव्हा स्कोशाचा दर १ एप्रिल २०२५ पासून १५ वरून १४ झाला, त्यामुळे इंटरनेटवरचे जुने तक्ते जपून वापरा.

क्यूबेकचं गणित लोकांना उगाच अवघड वाटतं. तिथे ५ टक्के जीएसटी आणि ९.९७५ टक्के क्यूएसटी, म्हणजे क्यूबेकचा स्वतःचा वेगळा कर. हा विचित्र आकडा आला कुठून? २०१३ च्या आधी क्यूएसटी ९.५ टक्के होता, पण तो जीएसटी मिळवलेल्या रकमेवर लागायचा, म्हणजे करावर कर. तो प्रकार बंद केला आणि लोकांच्या खिशावर फरक पडू नये म्हणून दर ९.५ गुणिले १.०५, म्हणजे ९.९७५ केला. आता कुठल्याही प्रांतात दोन्ही कर मूळ किमतीवरच काढायचे. एकाची बेरीज करून त्यावर दुसरा काढू नका.

६० डॉलरचा कुकर घ्या. आल्बर्टात ६३.००, सस्कॅचवानमध्ये ६६.६०, ब्रिटिश कोलंबियात ६७.२०, ओंटारिओत ६७.८०, नोव्हा स्कोशात ६८.४०, क्यूबेकमध्ये ६८.९९, न्यू ब्रन्सविकमध्ये ६९.००. कॅलगरीच्या मित्राला स्वस्त का पडतं, ते इथेच दिसतं. पण तुम्ही आल्बर्टातल्या दुकानातून ऑनलाइन मागवून ओंटारिओत घरपोच घेतलंत तर सहसा ओंटारिओचाच दर लागतो, कारण माल जिथे पोचतो तो प्रांत धरतात.

आता तुमचं बिल. समजा दूध, आटा, भाजी मिळून ३८.५०, भाचीचा टी-शर्ट २०.००, तोच ६० चा कुकर आणि ४ डॉलरचे चिप्स. दूध-आटा-भाजी हा मूलभूत किराणा, त्यावर शून्य. लहान मुलांच्या कपड्यांवर ओंटारिओ आपले ८ टक्के दुकानातच सोडून देतं, राहतात ५, म्हणजे १ डॉलर. पुस्तकांनाही हीच सवलत आहे. कुकर आणि चिप्स मिळून ६४, त्यावर १३ टक्के म्हणजे ८.३२. मूळ रक्कम १२२.५०, कर ९.३२, एकूण १३१.८२. कार्डाने तेवढेच जातील. रोख दिलेत तर १३१.८०, कारण २०१३ मध्ये एक सेंटची नाणी देणं बंद झालं आणि रोख रक्कम जवळच्या पाच सेंटला आणतात. ही काटछाट कर लावून झाल्यावर, शेवटच्या आकड्यावर होते.

चिप्स खाण्याचेच असून त्यांवर कर का? चिप्ससारखा खारा खाऊ, गोळ्या-चॉकलेट, सोडा आणि तयार खाणं हे मूलभूत किराण्यात धरत नाहीत. बेकरीत मफिन पाचपर्यंत घेतले तर करपात्र, सहा घेतले की शून्य! हॉटेलातही फरक आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हरमध्ये डोशावर फक्त ५ टक्के, कारण तिथला प्रांत हॉटेलच्या जेवणावर आपला कर घेत नाही. टोरांटोत तोच डोसा १३ टक्क्यांचा. पण समोसा आणि चहा मिळून ४ डॉलरच्या आत बसले तर ओंटारिओतही ५ च.

आता मावशींच्या डब्यांबद्दल, आणि हे जरा नीट वाचा, कारण इथे कष्टाचे पैसे जातात. लागोपाठच्या चार तिमाहींची करपात्र विक्री मिळून ३०,००० डॉलरच्या आत असेल तर एचएसटीची नोंदणी सक्तीची नाही आणि कर लावायचाही नाही. नोंदणी नसताना बिलात एचएसटी दाखवून पैसे घेणं चूक आहे. मर्यादा ओलांडली की नोंदणी करायची. त्यानंतर ज्या खर्चावर एचएसटी भरला, म्हणजे डबे, पॅकिंग, भांडी, तो इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वजा करता येतो. ब्रिटिश कोलंबियात प्रांताचा पीएसटी असा परत मिळत नाही. तिथे २०१० मध्ये एचएसटी आणला होता, पण २०११ च्या सार्वमतात लोकांनी तो नाकारला आणि एप्रिल २०१३ पासून पुन्हा दोन वेगळे कर सुरू झाले.

नोंदणी झाल्यावर खरी गडबड होते ती ‘करासकट २२६ डॉलर महिना’ असं सांगणाऱ्यांची. त्यातला कर किती? अनेक जण २२६ चे १३ टक्के काढून २९.३८ भरायला निघतात. हे चूक. २२६ मध्ये मूळ किंमत आणि कर दोन्ही आहेत, म्हणून भागिले १.१३ करा. मूळ २००, कर २६. थेट कर हवा असेल तर गुणिले १३, भागिले ११३. एका गिऱ्हाइकामागे महिन्याला ३.३८ चा फरक, पन्नास गिऱ्हाइकं असली तर महिन्याला १६९ डॉलर विनाकारण सरकारला. न्यू ब्रन्सविकमध्ये भागिले १.१५, क्यूबेकमध्ये १.१४९७५. फक्त वरच्यासारखं मिश्र बिल असेल तर ही भागाकाराची रीत चालत नाही, प्रत्येक दराची रक्कम वेगळी काढावी लागते.

तुम्ही स्वतः फावल्या वेळात उबरची गाडी चालवणार असाल तर ३०,००० ची सवलत विसरा. प्रवासी वाहतुकीला पहिल्या डॉलरपासून नोंदणी लागते. जेवण पोचवण्याच्या कामाला हा नियम नाही, तिथे मर्यादा मावशींसारखीच.