दत्ताचा फोटो, डेन्सू आणि तुमच्या लेकीचं करिअर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जयसिंगपूरहून लिहिलंय तुम्ही, मुलगी बीए इतिहास थर्ड इयरला, कॉलेजच्या लायब्ररीत एका रिटायर्ड सरांनी दिलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात तिला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटी म्युझियमचा आफ्रिकन कलेवरचा जाडजूड कॅटलॉग सापडला आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही, वह्याच्या वह्या भरतेय. आणि परवा देवघरातल्या दत्ताच्या फोटोकडे बघून म्हणाली, "आई, तिकडे टोगोत याला डेन्सू म्हणतात, पाण्याचा देव." तुम्ही घाबरलात. तिचे बाबा म्हणतात बीएड कर, ती म्हणते लॉस एंजेलिसला जाणार, एज्युकेशन लोन काढा.

आधी दत्ताचं सांगते, कारण ती भलतंसलतं काही बोललेली नाही. तिच्या हातात आलेला कॅटलॉग लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाच्या फाउलर म्युझियमचा आहे, २००८ मध्ये तिथे 'मामी वाटा' नावाचं प्रदर्शन झालं होतं त्याचा. मामी वाटा म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत पुजली जाणारी पाण्याची देवता, कधी जलपरीच्या रूपात तर कधी गळ्यात साप घेतलेली. ते प्रदर्शन ज्यांनी उभं केलं ते कलेचे अभ्यासक हेन्री ड्रूअल कित्येक वर्षं या विषयामागे होते. त्यात एका चित्राची गोष्ट आहे, मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका छापखान्यात १८८० च्या दशकात सर्कशीतल्या गारुडीणीचं रंगीत चित्र छापलं गेलं, लांब केस, अंगावर साप. ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचलं आणि तिथल्या लोकांना त्यात आपली पाण्याची देवता दिसली. १९०१ सालचा एक फोटो आहे नायजर नदीच्या मुखाजवळच्या बॉनी गावचा, त्यात डोक्यावर घालायचं लाकडी कोरीवकाम दिसतं, ते सरळ त्या चित्रावरून केलेलं. आणि मग १९५५ मध्ये घानातल्या कुमासी गावच्या व्यापाऱ्यांनी तेच चित्र कुठे छापून घेतलं माहितीय? आपल्या मुंबईत! श्री राम कॅलेंडर कंपनीत, १२,००० प्रती.

त्याच वाटेने आपल्या देवादिकांची कॅलेंडरंसुद्धा तिकडे गेली, लोकांनी ती बघितली, आपल्या श्रद्धेत बसवली, आणि तीन तोंडांचा दत्त टोगो-घानाकडच्या एवे लोकांच्या देवळात तीन डोक्यांचा डेन्सू झाला. यात देवाचा अपमान कुठेच नाही ताई. नरसोबाच्या वाडीला जे पाय धुऊन जातात तेवढ्याच भक्तीने तिकडचे लोक त्या मूर्तीसमोर बसतात.

आता करिअरचं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय, "नुसती चित्रं बघत नाही, फोटोखालची बारीक अक्षरं पण उतरवून घेते." ताई, ती बारीक अक्षरं म्हणजेच हे काम! वस्तू कुणी केली, कुठल्या समाजातली, लाकूड की पितळ, उंची किती, म्युझियममधला नंबर काय, कुणी दिली. उदाहरण देते. फाउलरच्या पुस्तकांमध्ये बऱ्याच वस्तूंचा नंबर एक्स६५ ने सुरू होतो आणि पुढे वेलकम ट्रस्टची भेट असं असतं, कारण १९६५ मध्ये लंडनच्या त्या ट्रस्टने जवळजवळ ३०,००० वस्तू या म्युझियमला देऊन टाकल्या. आता त्या ट्रस्टकडे कुठून आल्या? हा प्रश्न लोकांनी धरून ठेवला, जुनी कागदपत्रं उपसली, आणि कळलं की त्यात घानातल्या अशांटी राजघराण्याच्या सात वस्तू आहेत, १८७४ मध्ये इंग्रजांनी कुमासीवर हल्ला केला तेव्हाच्या, काही लुटीतल्या, काही दंड म्हणून वसूल केलेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये म्युझियमने त्या सातही कुमासीला नेऊन राजाला परत दिल्या, बरोबर दीडशे वर्षांनी. हे ज्यांच्या कामामुळे झालं त्यांनी सुरुवात अशाच बारीक ओळींपासून केलेली असते.

म्हणून तुमची मुलगी नोकरी कशाची करणार याचं उत्तर "आफ्रिकेच्या मुखवट्यांची" असं नाही. म्युझियममध्ये वस्तूंची नोंद ठेवणारे लागतात, त्यांचा इतिहास शोधणारे लागतात, प्रदर्शन रचणारे, कॅटलॉग लिहिणारे आणि तपासणारे एडिटर लागतात. आता लिलावघरं, मोठी खासगी कलेक्शन्स, आर्काइव्ह्ज इथेही हीच माणसं घेतात. आफ्रिका हा तिचा विषय होईल, काम हे आहे.

लॉस एंजेलिसला यावर्षी पाठवू नका. तिची लायकी आहे की नाही हा मुद्दाच नाही. पण बीएनंतर लगेच गेली तर तीन वर्षांची डिग्री काही विद्यापीठं पुरेशी धरत नाहीत, आणि अमेरिकेतल्या शिक्षणासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्ससारख्या चांगल्या फेलोशिपला कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, मग कर्ज आणि शेत गहाण एवढंच उरतं, आणि या क्षेत्राचा सुरुवातीचा पगार त्या हप्त्यांना पुरत नाही हे मी कुणापासूनच लपवत नाही. सुरुवातीची कामं बहुतेक प्रोजेक्टवर, कॉन्ट्रॅक्टवर मिळतात. तिच्या बाबांची भीती खरी आहे, त्यांना तसं सांगा.

आधी इथे पाया घालू दे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझियॉलॉजीचा, म्हणजे म्युझियमच्या कामाच्या शास्त्राचा, विभाग १९५२ पासून आहे, माझी पहिली पसंती तीच, कारण तिथे हाताने काम करायला मिळतं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझियॉलॉजी आणि कलासंवर्धनाचा पीजी डिप्लोमा आहे. आणि आफ्रिकेचा अभ्यासच करायचा असेल तर मुंबई विद्यापीठात कलिन्याला १९७१ पासून आफ्रिकन स्टडीजचं सेंटर आहे, हे आपल्याकडे फारच थोड्या मुलांना माहीत असतं. तिथे राजकारण-अर्थकारणाकडे जास्त कल आहे, कलेचा भाग तिला स्वतः लावून घ्यावा लागेल. सोबत फ्रेंच सुरू करायला सांगा, आजच, कारण टोगो, बेनिन, सेनेगल इथली कागदपत्रं फ्रेंचमध्ये आहेत.

अजून एक गोष्ट तिला नक्की सांगा. मामी वाटावाले ड्रूअल आपल्या शेजारी येऊन काम करून गेलेत, उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांसोबत. त्या जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात, आपली वाकळच म्हणा ना. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि तिथले सिद्दी कोकणी बोलतात. म्हणजे लॉस एंजेलिसच्या पोरीला दुभाषा घेऊन जे काम करावं लागेल ते तुमची लेक महिनाभरात स्वतः बोलून करू शकेल, जयसिंगपूरहून एका दिवसात पोचून. इतका मोठा अॅडव्हान्टेज तिच्याकडे आहे आणि कुणी तिला सांगितलेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बीएडचं म्हणाल तर बीएड वाईट नाही, पण दोन वर्षं जातात, आणि जिचं मन यात आहे तिला तिकडे ढकलून तुम्हाला चांगली शिक्षिका मिळेल असं मला वाटत नाही. बाबांशी तडजोड अशी करा, एक वर्ष द्या, त्या वर्षात तिने प्रवेश मिळवून दाखवायचा आणि हातात काहीतरी लिहिलेलं ठेवायचं. काय लिहायचं तेही सांगते. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला पोसायडन आहे, समुद्राचा ग्रीक देव, छोटीशी ब्राँझची मूर्ती, समुद्रापलीकडच्या व्यापारातून इथवर आलेली. मामी वाटाची उलटी गोष्ट! तिने तिथल्या वीस वस्तू निवडाव्यात आणि प्रत्येकीवर दीडशे शब्दांची कॅटलॉग नोंद मराठी-इंग्रजी दोन्हीत लिहावी, मापं, कशाची केलीय, कुठून आली सगळं विचारून. बडोद्याच्या मुलाखतीला ती वही घेऊन गेली तर मार्कशीटपेक्षा जास्त बोलेल. मला पाठवली तर मी शब्द न् शब्द तपासून देईन.

आणि त्या देवघरातल्या दत्ताच्या फोटोची फ्रेम एकदा सोडवायला परवानगी द्या तिला. जुन्या फोटोंच्या खालच्या कडेला बऱ्याचदा छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं, ते फ्रेममध्ये दबलेलं असतं. काय निघतं ते मला कळवा.