घाई करू नकोस, तुरा बघ

ताई, कोंबडीच्या तीन आठवड्यांच्या पिल्लांत नर-मादी शोधत बसू नकोस. तेव्हा मीही पैजेवर सांगायचो आणि निम्म्या वेळा तोंडघशी पडायचो.

सहा ते आठ आठवड्यांनी तुरा बघ. मादीचा बारीक, फिकट पिवळसर-गुलाबी. नराचा तोवर लालबुंद होऊन वाढायला लागलेला. पाय जाड, उभं राहणं ताठ. असील (झुंजीच्या कोंबड्यांची जात) रक्ताची असतील तर मात्र फसशील, त्यांचा तुरा मुळातच बसका. तिथे आकार सोड, रंग बघ.

तरीही शंका राहिली तर बारा आठवडे थांब. मग कमरेवरची, शेपटीच्या बुडाजवळची पिसं हातात घेऊन बघ: नराची लांब, टोकदार, चकचकीत, तलंगेची, म्हणजे तरुण मादीची, गोल टोकाची. ही खूण मला तरी आजवर चुकलेली नाही. आरवण्यावर विसंबू नकोस, दबलेला नर कधीकधी गप्पच राहतो. आणि भांडण म्हणशील तर तलंगाही भांडतात!

दहा माद्यांमागे एक नर पुरे. अंड्यांसाठी तर तोही लागत नाही, खुडूक (अंडी उबवायला बसणारी कोंबडी) बसवून पिल्लं काढायची असतील तरच ठेव. उरलेले नर वेळीच विक, नाहीतर ते सारखे वर चढून माद्यांच्या पाठी सोलून निघतील.