जुना ट्रॅक्टर घेतला, खाली इंजिन ऑइल टपकतंय, लीक नेमकं कुठून ते कसं शोधायचं?

आधी काहीच खोलू नका. मिस्त्री लगेच म्हणतो सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गेलं, पण ऑइल वरून ओघळत येतं आणि फॅनच्या हवेनं मागं पसरतं, त्यामुळं जिथं थेंब पडतो तिथंच लीक असतं असं नाही. इंजिन डिझेल-ब्रशनं घासून धुवा, वाळू द्या, मग संशय असेल तिथं घरातली टाल्कम पावडर मारा आणि १५-२० मिनिटं चालवा. (बायको पावडरीचा डबा शोधत बसते, ते वेगळं.) पावडरीवर सगळ्यात वर जिथं काळी ओली रेघ दिसेल तिथंच खरं लीक. बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग निघतं, स्वस्तातलं काम.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खालून थेंब येत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या, गिअर ऑइल असेल तर उग्र गंधकासारखा वास येतो. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील असू शकतं, ते बदलायला ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो, मजुरी जास्त.

पण सील टाकायच्या आधी ब्रीदर पाईप (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) बघा, तो चिखलानं किंवा कुंभारमाशीच्या घरट्यानं बुजला असेल तर आत प्रेशर वाढून नवीन सीलपण गळणार. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून भकाभका धूर येत असेल तर मात्र रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलेंडरचं अस्तर) झिजलेत.