लॅपटॉप पुण्याचा, टेबल जर्मनीतलं

प्रश्न : आम्ही आर्णी तालुक्यातले, यवतमाळ जिल्हा. पोरगी अमरावती विद्यापीठाची बी.ई. हाय, पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, पगार 60 हजार. काम घरूनच चालते. तिचा मित्र जर्मन हाय, तिकडंच राहते. पोरगी म्हणते, नोकरी हीच ठेवतो अन् त्याच्याकडं जाऊन राहतो, लग्नाचं मंग पाहू. लॅपटॉपवरचं काम त कुठूनबी होते. हे जमते का? अन् दोन एकर तिच्या नावावर कराचं होतं, ते आता करावं का थांबावं?

उत्तर : भाऊ, पोरगी म्हणते तसं जर्मनीत जमत नाही. लॅपटॉप कुठूनही चालू होतो हे खरं, पण माणूस ज्या देशात बसून काम करतो, त्या देशाचा कायदा त्या कामाला लागतो. पगार पुण्यातून निघतो की बर्लिनमधून, याला तिथं फारसं महत्त्व नाही.

आधी व्हिसा. शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि त्यावर नोकरी करता येत नाही. स्पेन, पोर्तुगाल या देशांत दुरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे, जर्मनीत नोकरदारांसाठी तसा नाही. लग्न न केलेल्या जोडीदाराला जर्मनी कुटुंब व्हिसाही देत नाही. लग्न झालं तर तो मिळतो, नोकरीची मुभाही त्यातच येते; सहसा आधी जर्मन भाषेची ए-1, म्हणजे सगळ्यात पहिल्या पायरीची परीक्षा द्यावी लागते. ती पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात होते.

समजा लग्न केलं, व्हिसा मिळाला. मग ही नोकरी चालेल? खरी अडचण इथंच आहे. जर्मनीत बसून काम करणाऱ्याला तिथलं किमान वेतन द्यावं लागतं, मग मालक परदेशी का असेना. 1 जानेवारी 2026 पासून ते तासाला 13 युरो 90 सेंट आहे. आठवड्याला 40 तास धरले तर महिन्याला साधारण 2,400 युरो. युरो शंभर रुपयांचा धरला तरी दोन लाख चाळीस हजार. 60 हजारांच्या जागेवर पुण्याची कंपनी एवढे कशाला देईल? शिवाय कंपनीला तिथं मालक म्हणून नोंदणी करून सामाजिक विमा भरावा लागेल. भारत-जर्मनी करारात पीएफ कार्यालयाच्या दाखल्यावर त्यातून सूट मिळते, पण ती कंपनीने स्वतःच्या कामासाठी पाठवलेल्याला, आपल्या हौसेने गेलेल्याला नाही. आयकराचंही तसंच: वर्षात 183 दिवसांच्या वर तिथं राहून काम केलं की पगारावर तिथं कर लागतो.

म्हणून बरेच जण कंपनीला न सांगता जातात. हे तिला करू देऊ नका. लॉगिन कोणत्या देशातून झालं ते कंपनीच्या आयटी विभागाला दिसतं, आणि ग्राहकाचा डेटा देशाबाहेर उघडायचा नाही अशी अट कित्येक करारांत असते. नोकरी जाते ती जाते, वर अनुभवपत्रही अडतं. आणि वेळेचं गणित आहेच. पुण्यातली सकाळी साडेनऊची मीटिंग म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात सहा, हिवाळ्यात पहाटेचे पाच.

माझं मत, तिने नोकरीच तिकडची शोधावी. ईयू ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांना युरोपात नोकरीसाठी मिळणारा परवाना, मिळालं तर लग्नाची अट नाही, जर्मन भाषेचीही नाही. आयटीसाठी 2026 ची अट अशी की पगार वर्षाला किमान सुमारे 45,934 युरो हवा. पहिलं काम, परदेशी पदवी तिथं मान्य आहे का ते सांगणाऱ्या अनाबिन या जर्मन संकेतस्थळावर विद्यापीठ आणि पदवी दोन्ही तपासायची. नुसतं विद्यापीठ सापडून भागत नाही. नुसत्या मॅन्युअल, म्हणजे हाताने केलेल्या टेस्टिंगवर तिकडून बोलावणं येणं कठीण. सेलेनियमसारखं आपोआप टेस्टिंग करणारं साधन, थोडी पायथन किंवा जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आणि आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं फाउंडेशन प्रमाणपत्र एवढं आताची नोकरी सांभाळून सहा-आठ महिन्यांत होतं. सोबत जर्मन शिकत राहावं, कारण लहान गावांतल्या कंपन्यांत इंग्रजीवर निभत नाही.

लग्न इथंच करायचं ठरलं तर विशेष विवाह कायदा, 1954. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधीचे 30 दिवस राहिलेला हवा, नोटीस दिल्यावर आणखी 30 दिवस, आणि तीन साक्षीदार. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, म्हणजे गावात कळणारच. नातेवाइकांना आधी तुम्हीच सांगितलेलं बरं. तिचा जन्मदाखला आत्ताच पाहून ठेवा. ग्रामपंचायतीत नोंदच नसेल तर वर्षापेक्षा जुन्या जन्माला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात.

आता शेत. परदेशी राहायला गेलेल्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मात्र मिळते, आणि इथं राहत असताना नावावर झालेली ठेवता येते. तेव्हा द्यायचंच असेल तर ती जाण्याआधी बक्षीसपत्र नोंदवा. मुलीला शेतजमीन देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. मग तलाठ्याकडून फेरफार झाला का ते सातबारा काढून पाहा.