रुपयात पैसे दिले, तरी परकीय चलनाचा आकार?

परतूर तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचं पत्र आहे. बियाणे कंपनीनं डीलर लोकांना दुबईला नेलं होतं. तिथं त्यांनी मुलीसाठी ४,००० दिरहमचे कानातले घेतले, क्रेडिट कार्डावर. दुकानदारानं मशीन पुढं केलं, ‘इंडियन रुपीज, सर?’ असं विचारलं, यांनी मान डोलावली, पिन टाकला. स्लिपवर ९८,८०० रुपये. शिवाय एटीएममधून १,००० दिरहम काढले, तेही त्याच कार्डानं. बिल आल्यावर आकार आणि जीएसटीच्या पाच-सहा ओळी बघून ते चिडले आणि फक्त किमान रक्कम भरून गप्प बसले. पत्रातलं त्यांचंच वाक्य देतो: ‘वकील साहेब, म्या रुपयातच पैसे देल्ते, मंग हे परदेशी चलनाचं कशाचं लावलं? बँकेवर फसवणुकीची केस होती का?’

आधी केसचं. फसवणुकीची फिर्याद होत नाही. पिन तुम्ही टाकला, रक्कम स्लिपवर छापलेली होती. रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करतात, पण ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. तुमचा व्यवहार त्यात बसत नाही. पोलीस स्टेशनच्या चकरा वाचवा.

आता तुमचं विवरणपत्र समोर घेतो. त्या दिवशीचा कार्ड नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) दिरहमचा दर तुम्ही २३.५० रुपये कळवलाय. म्हणजे कानातले ९४,००० चे. दुकानाच्या मशीननं २४.७० नं रुपये केले आणि ४,८०० तिथंच गेले. ही रक्कम तुमच्या बँकेनं घेतलेली नाही. दुकानदार आणि त्याची बँक यांच्यात ती वाटली जाते. शिवाय पूर्ण ९८,८०० वर तुमच्या बँकेनं साडेतीन टक्के चलन रूपांतर आकार लावला, ३,४५८ रुपये, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी ६२२. दिरहममध्येच पैसे दिले असते तर सगळं धरून ९७,८८२ झाले असते. तुम्हाला पडले १,०२,८८०. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून माणूस हो म्हणतो. माझ्या मेव्हण्यानं सिंगापूरला हेच केलं होतं, आणि तो स्वतः बँकेत आहे.

तुमचा खरा मुद्दा आकार आणि त्यावरचा जीएसटी मिळून झालेल्या ४,०८० रुपयांचा आहे, आणि त्यात दम असू शकतो. सगळं बँकेच्या दरपत्रकातल्या एका वाक्यावर आहे. ‘परकीय चलनातील व्यवहारांवर’ एवढंच लिहिलं असेल, तर तुमचा व्यवहार रुपयात झालाय आणि आकार कुठल्या आधारानं लावला हे बँकेला सांगावं लागेल. पण ‘परदेशातील व्यापाऱ्याकडे रुपयात केलेल्या व्यवहारांवरही’ असे शब्द असतील, तर माझ्याकडं तुम्हाला द्यायला फार काही नाही. बऱ्याच बँकांनी हे शब्द घातलेले आहेत. मात्र आजचं दरपत्रक बघू नका, खरेदीच्या तारखेचं बघा. आकार बदलायचा तर किमान एक महिना आधी कळवायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

दुकानातल्या ४,८०० चं वेगळं. चलन निवडायचा हक्क कार्डधारकाचा, असं कार्ड नेटवर्कचे नियम सांगतात. दुकानदारानं न विचारता स्वतःच बटण दाबलं असेल तर बँकेमार्फत तो व्यवहार वादात घालता येतो, पण त्याची मुदत थोडी असते. तुम्ही मान डोलावल्याचं स्वतःच लिहिलंय. खोटं लिहून देऊ नका.

एटीएमचं मात्र सोडून द्या. क्रेडिट कार्डानं रोख काढणं म्हणजे सरळ कर्ज. २३,५०० वर अडीच टक्के रोख आकार, साडेतीन टक्के चलनाचा, दोन्हींवर जीएसटी, असे १,६६४ पहिल्याच दिवशी. खरेदीला मिळते तशी बिनव्याजी सवलत इथं नाही. व्याज काढल्या दिवसापासून चालू. महिना साडेतीन टक्क्यांनी तीस दिवसांचे साधारण ८११, वर जीएसटी. तुमचे मित्र म्हणतात, ३० टक्क्यांवर व्याज बेकायदा. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये तसं ठरवलं होतं खरं. सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला.

किमान रक्कम भरून बसणं ही तुमची सगळ्यात महागडी चूक. शिल्लक राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वादातले ४,०८० सोडून बाकी सगळं आजच भरा. तेही थकवायचे नसतील तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं लेखी कळवून भरा. वाद चालू असताना थकबाकी क्रेडिट ब्युरोला (सिबिलसारख्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) कळवताना बँकेनं विशेष काळजी घ्यावी, असं रिझर्व्ह बँक सांगते. पण सिबिल बिघडल्यावर त्या वाक्यानं पीककर्जाच्या हंगामात तुमच्या दुकानाची कॅश क्रेडिट मंजूर होत नाही.

मग बँकेच्या तक्रार कक्षाला ईमेल करा. भाषण नको, दोनच ओळी: ‘अमुक तारखेचा ९८,८०० रुपयांचा व्यवहार भारतीय रुपयात झाला आहे. त्यावर परकीय चलनाचा आकार कोणत्या अटीनुसार लावला, ती अट कागदासह कळवावी.’ तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार होते; फी नाही, वकीलही लागत नाही. त्यानंतर जालन्याचं जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. आयोगात आधी गेलात तर लोकपाल तुमची तक्रार घेणार नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

आणि ती स्लिप. तुम्ही लिहिलंय, गाडीच्या डॅशबोर्डवर पडलीय. तो थर्मल कागद आहे, आपल्याकडच्या उन्हात आठ दिवसांत काळा पडतो. आत्ता उठून तिचा फोटो काढा. दर आणि चलन निवडल्याची ओळ त्यावरच असते. फोटो आणि दरपत्रकाचं ते पान पाठवा, मग ईमेलचा मसुदा मी बघून देतो.