विचारलं तर डोक्यात भलतंच येईल का?

मी शेतकरी घरांत समुपदेशन करते. उन्हाळा लागला की माझ्याकडे हाच प्रश्न येतो, कधी शेतकऱ्याच्या बायकोकडून, कधी शहरात शिकणाऱ्या त्याच्या पोराकडून. "ताई, ते गप्प गप्प असतात, भीती वाटते, पण जीव द्यायचं मनात येतं का असं सरळ विचारलं अन् नसलेलं डोक्यात आलं तर?" म्हणून एका घराचं सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, 2024 चा उन्हाळा. आदल्या ऑक्टोबरात सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात अंबड होताच. भाऊंची मोसंबीची बाग, बोअर आटलेला, टँकर विकत घेऊन झाडं जगवायची आणि टँकरसाठी कर्ज काढायचं असं चाललेलं. सोयाबीन गेलं तर पुढच्या पावसाला परत पेरता येतं हो, मोसंबी नव्याने लावली की फळ हाती यायला चार-पाच वर्षं जातात.

वहिनी आल्या त्या नवऱ्यासाठी झोपेची गोळी मागायला, पण बोलत होत्या धुळीबद्दलच. दुपारी वारं सुटलं की सगळं रान घरात. "तीनदा झाडते ताई, तरी भाकरीत कचकच लागते, हे ताटावरून उठून जातात." ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, या घरात भांडायला फक्त धूळच उरलीय, कर्जाचा विषय कुणी काढतच नाही.

मी एकट्या माणसाला पेशंट मानत नाही, सगळं घर समोर बसवते. आमच्यातले काही समुपदेशक नावं ठेवतात, ठेवू देत.

सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ, जीव द्यावा असं येतं का मनात?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाऊ बराच वेळ खाली बघत होते, मग म्हणाले, "येतं. रात्री मोटर कोरडी चालाय लागली की येतं."

आणि मग वहिनी बोलल्या. "सावकाराचं मला ठाव हाय. शर्ट धुताना चिठ्ठी सापडली व्हती, दिवाळीच्या आधी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमाला लाज वाटंल म्हणून."

कोपऱ्यात बसलेला पोरगा हळूच म्हणाला, "मी पण मेस बंद केलीय, एकच टाइम जेवतो."

भाऊ रडले, आणि रडता रडता चक्क हसले. "म्हंजे आपण सगळेच येडे!" इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या हसण्याने मला जे शिकवलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याला वाचवायला गप्प होता, आणि त्यात भाऊ पार एकटे पडले होते.

तर विचारा, अगदी सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट आत दाबलेलं बाहेर यायला वाट मिळते. "हो" असं उत्तर आलं तर माणसाला एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. तो झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास मोफत आहे, फोन घरच्यांनी केला तरी चालतो. भाऊंना मी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडेही पाठवलं, झोप औषधाने आली, त्यात कमीपणा काय?

दुसरं, बँक, सोसायटी, सावकार, कृषी केंद्राची उधारी सगळं एका कागदावर, बायको-पोरांसमोर लिहा. दुष्काळ जाहीर झाला की कर्जाचं पुनर्गठन होतं, म्हणजे फेडायला मुदत वाढवून मिळते, शेतीपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट असते, परीक्षा फी माफ होते. यातलं त्या पोराला काहीच माहीत नव्हतं. समुपदेशकाने वीजबिलावर बोलावं का? मी तर बोलते.

भाऊंची चिडचिड अजून आहे. बाग अर्धी तोडली, उरलेलीला टँकरचं पाणी पुरवलं. तोडायच्या दिवशी पोरगा कॉलेज बुडवून आला होता, बापाला एकट्याला कुऱ्हाड उचलू द्यायची नाही हे त्यांनी माझ्यासमोरच ठरवलं होतं.